संगीतोपचारात नेमकं काय करतात? (पेनड्राइव्ह सोडून)

केतकी_कर्वेनगर

मंडळी, जाणकारांचं मत हवं आहे.

माझे सासरे (आम्ही अण्णा म्हणतो) बँकेतून निवृत्त झालेले. या पावसाळ्यात पक्षाघाताचा झटका आला, मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात अजून कमकुवत आहे, पण खरी अडचण बोलण्याची. त्यांना समजतं सगळं. पेपर पुढ्यात ठेवला की मथळ्यावर बोट ठेवतात, पटलं नाही तर तोंड वाकडं करतात. बोलायला गेले की मात्र "ते... ते..." यापुढे गाडी सरकत नाही, आणि मग चिडतात. न्यूरॉलॉजिस्टनी ब्रोकाज अफेजिया असं लिहिलं आहे. स्पीच थेरपी चालू आहे.

आता पुढचं. गणपतीत शेजारी आरतीला नेलं, तर अण्णांनी "सुखकर्ता दुखहर्ता" अथपासून इतिपर्यंत म्हटली. शब्द स्पष्ट, टाळ्याही ठेक्यात (डाव्या हाताने मांडीवर). आरती संपली, मी विचारलं, "अण्णा, अजून एक मोदक?" तर पुन्हा "ते... ते...".

हे कळल्यावर ओळखीच्या एका गृहस्थांनी राग-चिकित्सेचा पेनड्राइव्ह आणून दिला. त्यात रक्तदाब, मधुमेह, निद्रानाश, पक्षाघात अशी फोल्डरं आहेत. पक्षाघातासाठी सकाळ-संध्याकाळ बासरी ऐकवायची. ऐकवते आहे. अण्णा झोपतात.

संगीतोपचार म्हणतात तो हाच का? की त्यात आणखी काही असतं?

---

पेठेतला_पांडू

झोपतात म्हणजे निद्रानाशाचं फोल्डर चुकून पक्षाघाताच्या नावाने सेव्ह झालंय. बदलून घ्या. एक ते चार सोडून कधीही.

---

ठाय_लय

पांडूशेठ :)

केतकीताई, पेनड्राइव्ह राहू दे बाजूला, आपण आरतीकडे बघू. मी इथेच पुण्यात स्पीच थेरपी करते. गणपती झाले की दर वर्षी असे दोन-चार घरचे लोक येतात आणि म्हणतात, "गाता येतं म्हणजे बोलताही येत असणार, कंटाळा करतात." कृपा करून अण्णांसमोर असं कुणाला बोलू देऊ नका. हा प्रकार डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. १७४५ साली स्वीडनमध्ये ओलोफ डालिन यांनी अशा एका माणसाची नोंद करून ठेवली आहे. त्याला "हो" सोडून दुसरा शब्द उमटत नव्हता, पण चर्चमधली प्रार्थनागीतं म्हणायचा.

लहानपणापासून पाठ असलेलं जे जे आहे, म्हणजे आरत्या, शुभंकरोती, पाढे, वारांची नावं, ते एकदा सुरू झालं की आपोआप पुढे सरकतं. (शिव्यासुद्धा शाबूत राहतात. घरचे सांगायला लाजतात, पण ते आम्हाला सांगत जा, उपयोग होतो.) "मोदक नको, चहा दे" हे वाक्य मात्र दर वेळी नव्याने जुळवावं लागतं. जुळवणीचं ते काम बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे चालतं आणि अण्णांना इजा तिथेच झाली आहे. त्यामुळे रोज आरत्या म्हणवून घेतल्या तर त्यांना बरं वाटेल, घरात चार क्षण आनंदाचे येतील, पण त्यातून आपोआप "चहा दे" येणार नाही.

ते आणण्यासाठी वेगळी पद्धत आहे, मेलॉडिक इंटोनेशन थेरपी. १९७३ साली बॉस्टनमध्ये आल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी ती मांडली. समजतं पण बोलता येत नाही आणि इजा डावीकडेच आहे, अशांसाठी ती मुख्यतः वापरतात. तुमचं वर्णन त्यात बसतंय, तरी निर्णय तुमच्या थेरपिस्टचा.

कशी करतात ते सांगते. गाणं घ्यायचं नाही, रोजच्या कामाचं वाक्य घ्यायचं. समजा "पाणी हवं". चार अक्षरं, दोनच सूर. खालचा सा आणि वर कोमल गंधाराच्या आसपास, आपण बोलताना आवाज जिथे चढतो तिथे वरचा. पेशंटचा डावा हात आपल्या हातात घ्यायचा आणि प्रत्येक अक्षराला टेबलावर एक थाप: पा, णी, ह, वं. आधी मी नुसतं गुणगुणते, ते ऐकतात. मग दोघं मिळून म्हणतो. मग मध्येच मी गप्प होते आणि त्यांना एकट्याने पुढे जाऊ देते. पुढच्या पायरीवर मी म्हणून दाखवते, ते मागून म्हणतात. मग मी साध्या आवाजात विचारते, "काय हवं?" आणि थांबते. हे थांबणं सगळ्यात अवघड. घरच्यांना राहवत नाही, ते शब्द पुरवतात. जमू लागलं की सूर हळूहळू सपाट करत न्यायचे. शेवटी चाल निघून गेली पाहिजे आणि वाक्य उरलं पाहिजे.

यात नेमकं काम कोण करतं यावर तज्ज्ञांत वाद आहे. गाण्यामुळे उजवा मेंदू मदतीला येतो, हे मूळचं स्पष्टीकरण. २०११ मध्ये लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी १७ पेशंटांवर तपासून पाहिलं, तर गाऊन म्हणणं आणि नुसतं ठेक्यात म्हणणं यांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. फरक पडत होता तो ठेक्याने, आणि वाक्य किती सवयीचं आहे त्याने. मला स्वतःला हे पटतं. सुरात कच्चे असलेले पेशंटही थापेवर पुढे जाताना मी पाहते.

---

केतकी_कर्वेनगर

एवढं सविस्तर कुणी सांगितलंच नव्हतं. थेरपिस्टना उद्याच विचारते. शब्द पुरवायची सवय घरात सगळ्यांनाच आहे, सासूबाईंना सर्वात जास्त.

---

अनिकेत_बाणेर

वाचनखूण साठवली. पण शंका: हे स्पीच थेरपीचं तंत्र झालं ना? म्युझिक थेरपिस्ट वेगळं काय करतो?

---

ठाय_लय

चांगला प्रश्न. सीमारेषा धूसर आहे, माझ्याही खोलीत कधी कधी म्युझिक थेरपिस्ट सोबत असतो.

या शास्त्रात कामाचे साधारण चार प्रकार मानतात. पेशंट ऐकतो, आधीचं गाणं गातो किंवा वाजवतो, आयत्या वेळी सुचेल ते वाजवतो, किंवा स्वतः गाणं रचतो. लोकांना पहिलाच प्रकार माहीत असतो आणि बाजारात विकलाही तोच जातो, कारण तो फाइलीत भरता येतो. बाकीच्या तिन्हींना समोर माणूस लागतो. चारही प्रकारांत आधी तपासणी असते, एक ठराविक उद्दिष्ट असतं (उदा. दारापर्यंत न अडखळता चालणं) आणि फरक पडला का हे नोंदलं जातं. नोंदवही नसेल तर तो गाण्याचा कार्यक्रम. कार्यक्रमही हवेत, पण त्याला उपचार म्हणू नये.

व्यवसाय म्हणून हे उभं राहिलं दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. अमेरिकेतल्या लष्करी इस्पितळांत वादक यायचे, जखमी सैनिकांवर परिणाम दिसायचा, पण कुणासाठी काय वाजवावं हे वादकांना कळत नव्हतं. १९४४ मध्ये मिशिगन स्टेटमध्ये पहिला पदवी अभ्यासक्रम निघाला, १९५० मध्ये राष्ट्रीय संघटना.

---

मुळाकाठ

माझ्या पत्नीला पार्किन्सन्स आहे. सपाट जमिनीवर चालते, पण बाथरूमच्या उंबरठ्याशी पाय जमिनीला चिकटतात. ढकललं तर पडायची भीती. मुलाने कुठेतरी वाचलं की गाणं लावलं तर पाय सुटतात. खरं आहे का?

---

ठाय_लय

काका, हो, आणि संगीतोपचारातला हा भाग पुराव्याच्या दृष्टीने बऱ्यापैकी भक्कम आहे. ऱ्हिदमिक ऑडिटरी स्टिम्युलेशन म्हणतात. कोलोरॅडोतले मायकेल थॉट आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकात पक्षाघात आणि पार्किन्सन्स या दोन्हींत चालण्यावर याचा अभ्यास केला.

पाऊल कधी टाकायचं याची आतली वेळ सांगणारी मेंदूची यंत्रणा पार्किन्सन्समध्ये बिघडते. बाहेरून ठेका मिळाला की पाय त्याला धरून पडतात, कारण कानाकडून हालचालीकडे जाणारे दुसरे मार्ग शाबूत असतात. मात्र "गाणं लावलं" एवढ्यावर भागत नाही. आधी काकू एका मिनिटात किती पावलं टाकतात ते मोजायचं. मेट्रोनोम (टक-टक ठेका देणारं यंत्र) त्याच वेगावर लावायचा, आपल्या आवडीच्या वेगावर नव्हे. त्यात पाय बसले की पाच ते दहा टक्के वाढवायचा. मग त्याच वेगाचं, ठोका ठळक असलेलं गाणं. शेवटी ठेका काढून टाकून बघायचं.

सुरुवात फिजिओथेरपिस्ट शेजारी उभा असतानाच करा. उंबरठ्याशी तर नक्कीच.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे अवश्य जा. हृषीकेश पवार यांचे पार्किन्सन्सच्या मंडळींसाठीचे नृत्यवर्गही पुण्यात झाले आहेत, तोही याच घरातला प्रकार.

---

दिवेघाट

वारीत चालणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पुण्याचा मुक्काम हलला, हडपसर मागे पडलं आणि घाट सुरू झाला की सत्तरीतल्या आज्या टाळाच्या ठेक्यावर चढतात. दिंडी थांबली की त्याच आज्या मटकन खाली बसतात.

---

काळी_दोन

ठाय_लय, ठेक्याबद्दल एक भर. चालायला भजनी ठेका किंवा केहरवा घ्यावा, आठ मात्रा, डावा-उजवा नीट बसतो. दादरा देऊ नका. तीन-तीनच्या वजनात प्रत्येक जोराच्या मात्रेला पाय बदलतो, आणि ज्याला मुळात पाऊल उचलायची पंचाईत आहे त्याचा गोंधळ उडेल. विलंबित एकतालाची तर गोष्टच सोडा, पुढची मात्रा येईपर्यंत माणूस पडायचा.

आता मूळ पेनड्राइव्हबद्दल. मी गाणं शिकवतो, त्यामुळे राग-चिकित्सेवर माझा राग असेल असं समजू नका. रागाला रस असतो, वेळ असते, ऐकणाऱ्यावर परिणाम होतो, हे मान्यच आहे. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेला शार्ङ्गदेव तर वैद्यांच्या घराण्यातला. तेराव्या शतकातल्या त्याच्या 'संगीतरत्नाकरा'त सुरुवातीलाच शरीराची उत्पत्ती येते. पण तिथे शरीर येतं ते नाद नाभीपासून कसा उठतो, हृदय, कंठ, मस्तकापर्यंत कसा चढतो हे सांगायला.

"मालकंस रक्तदाबाला" म्हणतात तेव्हा मी विचारतो, कोणता मालकंस? झुमरा तालातला विलंबित ख्याल की द्रुत तराणा? बासरीवर की सनईवर? आवाज किती? राग तोच, पण लय बदलली की ऐकणाऱ्याचा श्वास बदलतो. मग परिणाम रागाचा मानायचा की लयीचा? दरबारीने झोप येते म्हणतात, मला त्याचा गंधार हलला की टक्क जाग येते.

---

अनिकेत_बाणेर

आणि ते ४३२ हर्ट्झ? यूट्यूबवर सगळं "४३२ हर्ट्झ हीलिंग" आहे. ४४० ने म्हणे मन अस्वस्थ होतं.

---

काळी_दोन

४४० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं, हा पाश्चात्त्य वाद्यमेळाने सगळ्यांची वाद्यं एकत्र जुळावीत म्हणून मान्य केलेला संकेत. आपल्याकडे सा हा ज्याच्या त्याच्या गळ्याचा. मी काळी दोनमध्ये (पेटीवरची पट्टी) गातो, माझी विद्यार्थिनी काळी चारमध्ये. सवाई गंधर्व महोत्सवात एका संध्याकाळी चार कलाकार बसले तर तंबोरे प्रत्येकासाठी नव्याने लावतात. अमुक एका हर्ट्झमध्येच आरोग्य असतं, तर आपल्या निम्म्या गवयांचे श्रोते आजारी पडले असते.

---

पेठेतला_पांडू

पडतात की. डिसेंबरात रात्री थंडीत बसून.

---

आजोळ

थोडं अवांतर. आईला (८१) डिमेन्शिया आहे. दिवसभर ठीक. दिवेलागण झाली की "मला घरी जायचंय" म्हणून हॉलमध्ये येरझाऱ्या सुरू, दाराची कडी ओढते. तिला शांत करायला आम्ही संथ सतार लावतो, तर ती आणखी बिथरते. असं का?

---

ठाय_लय

कारण ती ज्या अवस्थेत आहे तिच्याशी त्या सतारीचा काही संबंध नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेत इरा आल्टशुलर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने आयसो तत्त्व मांडलं: संगीत आधी पेशंटच्या मनःस्थितीला जुळवायचं आणि मग तिथून हळूहळू हवं तिकडे न्यायचं. चिडलेल्याला एकदम शांत संगीत दिलं की त्याला वाटतं, आपलं कुणी ऐकतच नाही.

तुमच्याकडे असं करून बघा. आई येरझाऱ्या घालते तेव्हा तिला बसवू नका, शेजारून चाला. तिच्या पावलांच्या वेगात काहीतरी म्हणा. मुलगी असताना भोंडला खेळली असेल ना? "ऐलमा पैलमा" त्या वेगाला छान बसतं. ती सामील झाली की पुढचं गाणं किंचित सावकाश. मग अजून सावकाश. मग खुर्चीपाशी येऊन ओवी किंवा अंगाई. स्पीकरवर हे होत नाही, कारण स्पीकर तिच्याकडे बघून वेग बदलत नाही.

साधारण किशोरवय ते पंचविशीतली गाणी सगळ्यात घट्ट धरून असतात, त्यामुळे तिच्या त्या वयात घरात काय वाजत होतं ते मावशांना विचारा. एक सावधगिरी: एखादं गाणं ऐकून ती रडायला लागली आणि थांबेना, तर ते यादीतून काढा. कोणत्या गाण्याला काय आठवण चिकटली आहे हे आपल्याला ठाऊक नसतं.

---

आजोळ

मावशीला फोन केला. भोंडल्याची यादी अर्ध्या तासाची झाली, आणि रेडिओ सिलोनचा वेगळा अर्धा तास.

---

संशयात्मा

सगळं गोड आहे, पण चाचण्या कुठे आहेत? मोझार्ट इफेक्टच्या नावाने जगाला टोपी घातली होती, आठवतंय ना.

---

ठाय_लय

मोझार्टचं उदाहरण उत्तमच आहे. १९९३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला तो प्रयोग ३६ कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरचा. मोझार्ट ऐकल्यावर आकृत्यांच्या एका प्रकारच्या कोड्यांत थोडे जास्त गुण, तेही दहा-पंधरा मिनिटांपुरते. तान्ह्या बाळांचा त्यात संबंधच नव्हता. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची सीडी द्यायची योजना काढली.

संगीतोपचाराच्या चाचण्यांबद्दल: कोक्रेनने (वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणारी संस्था) २०१७ मध्ये मेंदूच्या इजेवरच्या २९ चाचण्या (७७५ रुग्ण) एकत्र तपासल्या. पक्षाघातानंतरच्या चालण्याचा वेग आणि पावलाची लांबी यांत ठेक्याचा फायदा दिसला. बोलण्याबाबतही आशादायक चिन्हं आहेत, पण चाचण्या लहान. त्याच वर्षी नैराश्यावरचा आढावा आला: नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून थोड्या काळासाठी फायदा. "जोड म्हणून" हे अधोरेखित करा. गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याकडे पाठ फिरवा.

मधुमेहाच्या फोल्डरबद्दल मी काही बोलत नाही.

---

चिऊची_आई

माझा मुलगा सात वर्षांचा, स्वमग्न. बोलत नाही. जूननंतर नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की कान झाकून पलंगाखाली जातो. पण घरात स्टीलच्या डब्यावर स्वतः तासन्‌तास वाजवतो. अशा मुलाला संगीत द्यावं की टाळावं?

---

ठाय_लय

आवाज दुसऱ्याच्या हातात असणं आणि स्वतःच्या हातात असणं यात त्याच्यासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. पथकांच्या दिवसांत कानावर आवाज अडवणारे हेडफोन द्या, त्यात लाड काही नाहीत.

डब्याचं मात्र सोनं करता येईल. अमेरिकन संगीतकार पॉल नॉर्डॉफ आणि ब्रिटिश विशेष शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स यांनी १९५९ पासून अशाच मुलांबरोबर काम केलं. मूल जे वाजवेल, ओरडेल, डुलेल, ते संगीतच आहे असं धरून थेरपिस्ट पियानोवर त्याला साथ करायचा. मूल थांबलं की तोही थांबायचा. मुलाला कळतं की माझ्यामुळे समोरचा बदलतोय. आळीपाळीने बोलण्याची ती पहिली पायरी.

तुम्ही दुसरा डबा घेऊन समोर बसा. शिकवू नका, सुधारू नका. तो टक-टक करेल तेव्हा तेवढंच टक-टक परत द्या. मग एकदा मुद्दाम शेवटचा ठोका गाळा आणि वाट बघा. तो तुमच्याकडे बघतो का, स्वतः तो ठोका भरतो का, हे बघण्यासारखं असतं.

---

चिऊची_आई

शेवटचा ठोका गाळला. आधी काही नाही. मग त्याने माझा हात धरून माझ्या डब्यावर आपटला.

---

ठाय_लय

वा! तारीख टाकून लिहून ठेवा.

---

अनिकेत_बाणेर

पुण्यात म्युझिक थेरपिस्ट शोधताना काय बघायचं? पाट्या बऱ्याच दिसतात.

---

ठाय_लय

ब्रिटनमध्ये 'म्युझिक थेरपिस्ट' हे पदनाम कायद्याने राखीव आहे, नोंदणी नसेल तर नाव लावता येत नाही. अमेरिकेत १२०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि मग परीक्षा. इथे पाटीवरून काही कळत नाही, तेव्हा तोंडाने विचारा. कुठे शिकलात, कुणाच्या हाताखाली पेशंट पाहिले? पहिल्या भेटीत काय तपासता? महिन्याभराने फरक कशावरून ठरवणार? आमच्या डॉक्टरांशी बोलाल का? पेशंटला अपस्मार आहे का, ऐकू कसं येतं, हे त्यांनी आपणहून विचारलं तर चांगली खूण. क्वचित एखाद्याला संगीतानेच अपस्माराचा झटका (फिट) येतो, म्हणून.

आणि पेशंटला कोणतं गाणं आवडतं हे न विचारताच रागाचं नाव सांगितलं, तर चहा पिऊन परत या.

---

नवा_बाबा

उशिरा आलो. आमचं बाळ ३३ व्या आठवड्यात झालं, सध्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे. बायकोला रोज थोडा वेळ आत सोडतात. फोनवर अंगाई लावून काचेपाशी ठेवू का?

---

ठाय_लय

अभिनंदन, आणि काळजी घ्या दोघं.

फोन नको. इतक्या लहान बाळांसाठी खोलीतला आवाज ४५ डेसिबलच्या आत ठेवावा अशी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे, आणि यंत्रांच्या बीपमुळेच तो ओलांडला जातो. २०१३ मध्ये जोआन लोवी यांच्या गटाने ११ रुग्णालयांतल्या २७२ अकाली जन्मलेल्या बाळांवर अभ्यास केला. त्यात आई-वडिलांनी निवडलेलं गाणं अंगाईसारखं संथ करून, बाळाच्या श्वासाकडे बघत, तिथेच बसून गायलं जायचं. हृदयाची गती, झोप, दूध ओढणं यांवर चांगले परिणाम दिसले आणि पालकांचा ताणही कमी झाला.

आधी सिस्टरना विचारा, बाळ स्थिर आहे का आणि कोणती वेळ चालेल. मग तुमच्या पत्नीने अगदी हळू, एकच गाणं, तेच तेच. बाळाने बोटं पसरली, तोंड फिरवलं, कपाळाला आठ्या पडल्या किंवा मॉनिटरवरचा ऑक्सिजन उतरला तर लगेच थांबायचं.

---

नवा_बाबा

मी गायलो तर चालेल का? आवाज घोगरा आहे.

---

ठाय_लय

चालेल. हात सॅनिटायझरने धुऊन.